गहाण पडलेले स्वातंत्र्य

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या दुसऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या कर-विधेयकावर स्वाक्षरी करण्यासाठी ४ जुलै २०२५ हा मुहूर्त साधला. तो त्या देशाचा स्वातंत्र्यदिन. या कायद्यातील धनिकांना मिळालेल्या करसवलतींची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्यातील एका कलमाचा स्वातंत्र्याच्या कल्पनेशी जो संबंध पोचतो त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. गरिबांसाठी असलेल्या ‘मेडिकेड’ या वैद्यकीय साह्य योजनेचा २०१० च्या कायद्याने विस्तार झाला होता. त्या विस्तारामुळे योजनेत आलेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांनी महिन्याकाठी ८० तास काम, शिक्षण वा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा, नाहीतर त्यांचे साह्य बंद व्हावे, अशी ही तरतूद आहे. तिची अंमलबजावणी सुरू करण्यासाठी राज्यांना १ जानेवारी २०२७ ही अखेरची मुदत ठरवून दिलेली आहे. आजारी, अपंग, लहान मुलांचे पालक यांना अपवाद आहेत. तथापि अपवाद असल्याचे सिद्ध करणे हेही कामच असते. या कायद्याच्या एकत्रित परिणामाने २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी माणसे विम्याविना राहतील, असा अमेरिकन संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे.

या अटीचे समर्थन स्वातंत्र्याच्या भाषेत केले जाते, हे विशेष. सरकारी साह्याने माणूस परावलंबी होतो, अट घातली की तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो, असे हे प्रतिपादन आहे. ते पडताळून पाहण्याची संधी आर्कान्सा राज्याने २०१८ मध्येच दिली होती. तेथे अशीच अट लावली गेली. कामाच्या तासांची नोंद सुरुवातीला केवळ संगणकावरूनच करावयाची होती, आणि ज्यांच्याकडून ती अपेक्षित होती त्यांतील पुष्कळांच्या घरी संगणक नव्हता. काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक माणसांचे साह्य तुटले. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही योजना थांबविली. नंतर झालेल्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे आढळले नाही. ज्यांचे साह्य गेले त्यांतील बहुतेक एक तर काम करीतच होते, नाहीतर अपवादास पात्र होते. त्यांना काम करणे जमले होते, कामाचा कागद सादर करणे जमले नव्हते.

सुरक्षितता वाढली की स्वातंत्र्य घटते, ही समजूत अमेरिकन सार्वजनिक जीवनात इतकी मुरलेली आहे की तिच्या विरोधकांनाही बहुधा तिच्याच चौकटीत बोलावे लागते. परंतु त्या देशाचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? थॉमस जेफर्सन यांच्या पिढीने स्वतंत्र नागरिक म्हणून ज्याची कल्पना केली तो स्वतःची जमीन कसणारा शेतकरी होता. तो स्वतंत्र का? तर पोटासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहण्याची त्याला गरज नाही म्हणून. १८६२ च्या ‘होमस्टेड’ कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट दिले. ही जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या कायद्याने वसाहतकऱ्याचे स्वातंत्र्य नष्ट होईल अशी ओरड पुढे झालेल्या ओरडीइतकी तेव्हा कोणी केली नाही. सरकारने दिलेली जमीन हा स्वातंत्र्याचा पाया, आणि सरकारने दिलेले निवृत्तिवेतन ही मात्र गुलामगिरी, हा भेद जमीन संपून कारखाने उभे राहिल्यानंतरचा आहे.

कारखानदारीच्या युगात या भेदाला न्यायालयाची मान्यता मिळाली. बेकरीतील कामगारांकडून दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला होता. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो घटनाबाह्य ठरविला. कारण काय, तर त्यामुळे मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यावर गदा येते! भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचे ‘जास्त तास राबण्याचे स्वातंत्र्य’ न्यायमूर्तींनी अशा तऱ्हेने वाचविले. हा पायंडा मोडण्यास ३२ वर्षे लागली. १९३७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या एल्सी पॅरिश या बाईंच्या खटल्यात किमान वेतनाचा कायदा वैध ठरला आणि करारस्वातंत्र्याचे ते सोवळे सुटले. मधल्या काळात महामंदी येऊन गेली होती, आणि तिने जे शिकविले ते कोणत्याही ग्रंथाला शिकविता आले नव्हते.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. आजही त्या कायद्याखाली सुमारे सात कोटी माणसांना दरमहा रक्कम मिळते. १९५९ मध्ये ६५ वर्षांवरील अमेरिकनांपैकी सुमारे ३५ टक्के दरिद्री होते. आज ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे. हे वृद्ध सरकारचे बंदे झाले आहेत असे कोणी म्हणत नाही. उलट अमेरिकेत सर्वांत निर्भयपणे आणि सर्वांत मोठ्या प्रमाणात मतदान करणारा वर्ग तोच. मात्र १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीयांची उपजीविका मुख्यतः याच दोन कामांवर होती, त्यामुळे देशातील सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय श्रमिक त्याबाहेर राहिले. मळेवाल्यावर अवलंबून नसलेला शेतमजूर मळेवाल्याला नको असतो, हे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी ही उणीव बव्हंशी भरून काढली. दुसरी उणीव मात्र कायमची राहिली. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापायी सगळेच विधेयक बुडेल या भीतीने आरोग्यविमा त्यातून वगळण्यात आला होता.

पुढे ११ जानेवारी १९४४ च्या संदेशात रूझवेल्ट यांनी हक्कांची दुसरी सनद मांडली. काम, पुरेशी मिळकत, घर, औषधोपचार, शिक्षण, आणि वार्धक्य, आजार, अपघात व बेकारी यांच्या भयापासून संरक्षण हे सर्व नागरिकांचे हक्क मानले जावेत आणि आर्थिक सुरक्षिततेवाचून खरे व्यक्तिस्वातंत्र्य संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी फ्रीडरिश हायेक यांचा ‘द रोड टू सर्फडम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४५ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने त्याचा संक्षेप घरोघर पोचविला. गमतीचा भाग असा की अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी आणि आजार व अपघातांविरुद्ध व्यापक सामाजिक विमा यांना त्या मूळ ग्रंथात हायेक यांनी मान्यता दिलेली आहे. त्यांचे नाव घेऊन मेडिकेडवर कुऱ्हाड चालविणाऱ्यांनी ती पाने उलटून पुढे गेलेले दिसते.

रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांच्या दुसऱ्या सनदेतील आरोग्याच्या कलमाचे पुढे जे झाले त्यातच आजच्या अमेरिकन जीवनाची किल्ली आहे. महायुद्धकाळात महागाई रोखण्यासाठी १९४२ मध्ये वेतनवाढीवर निर्बंध आले. माणसे तर हवी होती. तेव्हा कारखानदारांनी वेतनाऐवजी विमा आणि निवृत्तिवेतन देऊ करून कामगार ओढण्यास सुरुवात केली, कारण या लाभांना त्या निर्बंधातून सूट होती. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर नाही, हे १९५४ च्या करसंहितेने पक्के केले. दरम्यान हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना संसदेपुढे ठेवली, आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून मोडून काढली. हा प्रचार इतका प्रभावी ठरला की १९६१ मध्ये, वृद्धांपुरत्या विम्याची नुसती चर्चा चालू असताना, याच संघटनेने एका चित्रपट-अभिनेत्याच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका घरोघरच्या कॉफीपानासाठी काढली. ही वाट चालत राहिलो तर अमेरिकेत माणूस स्वतंत्र असतानाचे दिवस आपल्याला मुलानातवंडांना सांगत बसावे लागेल, असा त्या भाषणाचा सूर होता. अभिनेत्याचे नाव रोनाल्ड रेगन. ती योजना ‘मेडिकेअर’ या नावाने १९६५ मध्ये कायदा झाली. तिचे पैसे हवे असतील तर रुग्णालयात वर्णभेद चालणार नाही, अशी सरकारने सक्ती करताच दक्षिणेतील शेकडो रुग्णालयांतील गोऱ्याकाळ्यांचे वेगळे कक्ष काही महिन्यांत नाहीसे झाले. या सुरक्षिततेने कोणाचे स्वातंत्र्य वाढविले आणि कोणाचे कमी केले, याचा हिशेब रेगन यांनी पुढे कधी मांडल्याचे दिसत नाही.

राष्ट्रीय योजना बारगळल्यावर कामगार संघटनांनी जे हाती लागेल ते मालकाकडूनच मिळविण्याचे ठरविले. समाजवादी घरात वाढलेले मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना सर्वांसाठी सरकारी योजना हवी होती. परंतु १९५० मध्ये जनरल मोटर्सशी झालेल्या पाच वर्षांच्या करारात त्यांनी निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि महागाईनुसार वेतनवाढ कंपनीकडून मिळविली. तत्कालीन वृत्तपत्रसृष्टीने त्याला ‘डेट्रॉइटचा तह’ म्हटले. कामगाराच्या दृष्टीने तो मोठा विजय होता आणि त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण त्यातच पुढील पराभवाचे बीज होते. सुरक्षितता नागरिकत्वाला न चिकटता नोकरीला चिकटली. डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटारीचा कारखाना बंद झाला, तेव्हा याचा अर्थ उलगडला. साठी गाठलेल्यांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते साठ या वयाच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या दर डॉलरमागे सुमारे १५ सेंट पडले. त्यांची सरासरी नोकरी २३ वर्षांची होती. त्याहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. निवृत्तिवेतनाच्या निधीला संरक्षण देणारा कायदा व्हावयास १९७४ साल उजाडले. आणि तोवर कंपन्यांनी ठराविक निवृत्तिवेतनाची जबाबदारीच अंगाबाहेर टाकण्याचे मार्ग शोधावयास सुरुवात केली होती.

सुमारे पंधरा कोटी अमेरिकनांचा आरोग्यविमा आज त्यांच्या किंवा कुटुंबीयाच्या मालकाच्या हाती आहे. २०२४ मध्ये अशा कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता साडेपंचवीस हजार डॉलरच्या वर होता आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश मालक भरीत होता. नोकरी सुटली तर १९८६ च्या कायद्याने तो विमा साधारणतः दीड वर्ष चालू ठेवता येतो. मात्र सगळा हप्ता, वर २ टक्के खर्चासह, स्वतः भरावा लागतो. पगार थांबला त्याच महिन्यापासून! दुसरीकडे, मोंटाना वगळता सर्व राज्यांत मालकाला कोणत्याही कारणाने अथवा कारणाविना कामगाराला काढता येते. भेदभावासारखी काही कारणे तेवढी वर्ज्य आहेत. कामगारालाही कधीही सोडून जाता येते, म्हणून हा नियम समानतेचा मानला जातो. मधुमेही मुलाच्या बापाला तो कधीही सोडून जाऊ शकतो हे सांगणे म्हणजे विहिरीत उतरलेल्याला दोर सोडण्याचे स्वातंत्र्य आहे असे सांगण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञांनी या स्थितीला ‘जॉब लॉक’, म्हणजे नोकरीचे कुलूप, असे नाव देऊन ठेवले आहे. नवा धंदा काढण्याचे, नको असलेली नोकरी झुगारण्याचे, वरिष्ठाला नाही म्हणण्याचे धैर्य या कुलपाआड बंद होते. ओबामा यांच्या २०१० च्या कायद्याने ते बरेच सैल केले, कारण आधीच्या आजाराची सबब सांगून विमा नाकारणे त्याने बेकायदा ठरविले. तरीही अडीच कोटींहून अधिक माणसे अद्याप विम्याविना आहेत.

भाषणस्वातंत्र्यालाही हीच दोरी बांधलेली आहे. अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती हे मानवी इतिहासातील एक थोर वचन आहे यात शंका नाही. परंतु ते सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. १९४७ नंतरच्या कम्युनिस्टविरोधी उन्मादात तुरुंगात गेलेले लोक तसे थोडे. पण चौकशी समितीपुढे नाव आले म्हणून शिक्षक, पटकथाकार, खलाशी, कारकून अशा हजारोंची उपजीविका गेली. राज्यसंस्थेला तोंड दाबावे लागले नाही, पगारपत्रकाने ते काम केले. मालकाच्या मर्जीतून सुटण्याचे खरे साधन म्हणजे संघटना. १९५० च्या दशकाच्या मध्यास सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटित होते. २०२४ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांखाली आले. १९८१ मध्ये रेगन यांनी संपावरील ११ हजारांहून अधिक विमान-वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ केले, तेव्हाच वारे कोणत्या दिशेला वाहणार ते खासगी मालकांनी ओळखले होते.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या कुटुंबांना या व्यवस्थेची आणखी एक गाठ ठाऊक आहे. ‘एच-१बी’ परवान्यावर काम करणाऱ्याची नोकरी गेली की पगार आणि विमा तर जातोच. शिवाय ६० दिवसांत दुसरा मालक किंवा दुसरा परवाना न मिळाल्यास देश सोडावा लागतो. २०२२ व २०२३ मधील संगणक-कंपन्यांच्या नोकरकपातीत घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा अंगावर घेऊन अनेकांनी हे ६० दिवस मोजले. कोणत्याही एका देशातील लोकांना नोकरीवर आधारित कायम वास्तव्याच्या परवान्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत या नियमामुळे भारतीयांची रांग दशकानुदशके लांबली आहे. संधींच्या त्या देशात त्यांनी प्रगती केली आहे, यात वाद नाही. पण मालकाशी भांडण्याची संधी तेवढी त्यांना परवडत नाही.

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला आहे. बेकाराला नोकरी देताना संघटनेत न जाण्याची वा भाषणस्वातंत्र्य न वापरण्याची अट घातली तर तो काय निवडील, असे विचारून उपासमारीच्या भयाखाली मूलभूत हक्क सोडून द्यावे लागतात हे त्यांनी दाखविले. राज्याने हात काढून घेतल्यावर उरते ते स्वातंत्र्य नसून खासगी मालकाची हुकूमशाही असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ दुसऱ्या बाजूचा आक्षेप पोकळ आहे असा मात्र नव्हे, आणि समाजवाद्यांनी तरी तो हसण्यावारी नेऊ नये. सोव्हिएत व्यवस्थेने नोकरी आणि घर यांची हमी दिली व त्या बदल्यात माणसाचे तोंड बंद केले. अमेरिकेत फळबागांत व कारखान्यांत राबून शिकलेले आणि तेथेच मार्क्सवादी झालेले जयप्रकाश नारायण पुढे त्या मार्गापासून दूर गेले ते याच कारणाने. आणीबाणीत तर भारतीय कामगाराला हाही सौदा मिळाला नाही. १९७५ मध्ये सभा आणि संप बंद झाले, नेते तुरुंगात गेले, आणि सप्टेंबरमध्ये वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. बोलण्याचा हक्क गेला की भाकरीचाही पाठोपाठ जातो.

अमेरिकन कल्याणकारी प्रशासनाचा इतिहासही या बाबतीत निर्मळ नाही. बापाविना मुलांना मिळणाऱ्या साह्यासाठी घरात पुरुष असता कामा नये, म्हणून अधिकारी भल्या पहाटे बायकांच्या घरांत शिरून कपाटे आणि बिछाने तपाशीत. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील आलामेडा परगण्यात एका अंध समाजकार्यकर्त्याने अशा छाप्यात जाण्यास नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. १९६७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे छापे घटनाबाह्य ठरविले. सुनावणीशिवाय साह्य तोडता येणार नाही हे मान्य व्हावयास १९७० साल उजाडले. तथापि येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी कोणी कोणाच्या कपाटात डोकावले नाही. जे सर्वांना हक्क म्हणून मिळते त्यासाठी कोणासमोर वाकावे लागत नाही. जे केवळ गरिबाला, त्याची लायकी तपासून मिळते, त्याच्यामागून निरीक्षक येतो. सुरक्षितता स्वातंत्र्याला मारक ठरते ती येथे, आणि ती तशी करण्याची मागणी नेहमी त्याच गटाकडून येते जो सुरक्षिततेला स्वातंत्र्याची शत्रू म्हणतो. क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये ज्या कायद्याने मुलांच्या साह्याला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आणि कामाची अट घातली, त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते.

याच्या नेमका उलट प्रयोग अमेरिकेत एकदा झाला, आणि तो फार जुना नाही. महामारीच्या काळात मार्च २०२१ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दरमहा ३०० आणि त्याहून मोठ्या मुलामागे २५० डॉलर, उत्पन्न अगदी नसलेल्या आईबापांनाही, थेट खात्यात जमा होऊ लागले. श्रीमंत सोडले तर जवळपास सर्वांनाच ही रक्कम मिळत होती. कामाच्या तासांचा पुरावा नाही, घरात कोण राहते त्याची चौकशी नाही. सरकारी साह्य जमेस धरून दारिद्र्य मोजण्याच्या पद्धतीनुसार बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले, ही त्या मापनातील नीचांकी नोंद होय. आईबाप मोठ्या संख्येने काम सोडून बसल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळले नाही. योजना पुढे चालविण्यासाठी सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला आपले प्रत्येक मत हवे होते. देशातील सर्वांत गरीब राज्यांपैकी एक असलेल्या वेस्ट व्हर्जिनियाचे त्याच पक्षाचे सिनेटर ज्यो मॅन्चिन यांनी कामाच्या अटीचा आग्रह धरला आणि डिसेंबरमध्ये पाठिंबा नाकारला. शेवटचा हप्ता १५ डिसेंबर २०२१ रोजी जमा झाला. २०२२ मध्ये बालदारिद्र्य १२.४ टक्के होते.